प्रश्नावलीतला ‘हो’ आणि अतिदक्षता विभागातला ‘हो’

प्रश्न एका नर्सिंगच्या विद्यार्थिनीचा आहे. थोडक्यात असा: त्यांच्या गटानं अवयवदानाविषयी लोकांना काय माहीत आहे आणि काय वाटतं याचं सर्वेक्षण केलं. ‘अवयवदान हे चांगलं काम आहे असं वाटतं का?’ यावर जवळपास सगळ्यांनी ‘हो’वर खूण केली. ‘तुम्ही नोंदणी केली आहे का?’ यावर मोजक्यांनीच. मार्गदर्शकांनी निष्कर्ष सुचवला: जनजागृतीची गरज आहे. तिला तो पटत नाहीये. ‘लोकांना माहीत आहे, पटतंही आहे, मग अडतं कुठे? आणि प्रश्नावली पुन्हा करायची झाली तर काय विचारू?’

तुमची शंका रास्त आहे. निष्कर्ष घाईचा आहे.

मी वीसहून जास्त वर्षं प्रत्यारोपण समन्वयक म्हणून काम केलं. हुद्दा भारदस्त आहे, काम एकच. अतिदक्षता विभागाबाहेर, जिथे खुर्च्या कमी आणि माणसं जास्त असतात, तिथल्या एखाद्या कुटुंबाला बाजूच्या खोलीत बसवायचं आणि त्यांच्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट दिवशी त्यांना एक प्रश्न विचारायचा. होकार ऐकले, नकार त्याहून जास्त ऐकले. पण नकार देताना ‘अवयवदान वाईट आहे’ असं कुणी म्हटल्याचं मला आठवावं लागेल. एक शिक्षक होते. वर्गात दरवर्षी या विषयावर बोलायचे, स्वतःचा अर्ज भरलेला. बायको मेंदूतल्या रक्तस्रावानं गेली तेव्हा ते मला म्हणाले, “माझं म्हणाल तर आत्ता सही करतो. तिचं कसं देऊ? तिला कधी विचारलंच नाही हो.” तुमच्या प्रश्नावलीत हे गृहस्थ ज्ञानात पहिले आले असते, मतातही पहिले आले असते.

तुम्हाला दिसलेली फट तुमच्याच गावची नाही. अमेरिकेत २०१२ साली झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात सुमारे ९५ टक्के प्रौढांनी अवयवदानाला पाठिंबा दिला होता, आणि परवान्यावर वगैरे तशी नोंद केलेले होते सुमारे ६० टक्के. वाहन परवाना काढतानाच समोरचा कारकून हा प्रश्न विचारतो, अशा देशातली ही गोष्ट. यावरून लोक दुतोंडी आहेत असं काढू नका, आणि अडाणी आहेत असंही नको. प्रश्नच दोन आहेत. तुमची प्रश्नावली विचारते: ही गोष्ट चांगली आहे का? मी विचारायचे ते वरवर तसंच वाटतं, पण समोरच्याला ऐकू येतं ते असं: ज्याचा हात तुम्ही पाच मिनिटांपूर्वी धरला होता आणि तो गरम होता, तो माणूस गेलाय हे तुम्हाला पटलंय का? पटलं असेल तर, त्याला हे चाललं असतं का? आणि हे विचारणारे आम्ही कोण, आमच्यावर विश्वास का ठेवायचा?

हे तिन्ही प्रश्न तुमच्या प्रश्नावलीत नाहीत.

पहिल्यावर जरा थांबते, कारण सगळ्या ज्ञानाची नाळ तिथेच आहे. हृदय, फुप्फुसं, यकृत, मूत्रपिंडं मृत्यूनंतर मिळायची तर बहुतेक वेळा माणूस अतिदक्षता विभागात, व्हेंटिलेटरवर असताना मेंदूमृत व्हावा लागतो. घरी, झोपेत, रस्त्यात गेलेल्या माणसाचे हे अवयव मिळत नाहीत. रक्तप्रवाह थांबला की काही मिनिटांत ते निकामी व्हायला लागतात. म्हणून शंभर मृत्यूंमध्ये जेमतेम एखादाच मृत्यू असा असतो की अवयवदानाचा प्रश्न तरी उपस्थित व्हावा. (काही देशांत हृदय थांबल्यानंतरही, बहुतेक ठिकाणी पाच मिनिटं वाट पाहून, अवयव काढतात. तो मार्ग वाढतोय, पण तोही रुग्णालयातच शक्य असतो.) हे एवढं गणितही लोकांना माहीत नसतं. मी अर्ज भरला म्हणजे माझं दान झालंच, अशी समजूत असते.

मेंदूमृत्यू म्हणजे काय, हे मी नातेवाइकांना असं सांगायचे. हृदयाला धडधडायला मेंदूचा हुकूम लागत नाही, त्याची स्वतःची घंटी आहे. त्याला प्राणवायू मिळत राहिला की ते चालत राहतं. श्वासाला मात्र मेंदूच लागतो. मेंदूस्तंभ, म्हणजे मेंदूचा देठ, मेला की श्वास कायमचा थांबतो. तिथे यंत्र हवा आत ढकलतं, छाती वरखाली होते, हृदयाला प्राणवायू मिळतो, अंग गरम राहतं. मेंदूकडे रक्त जात नाही, तो परत येत नाही. यंत्र श्वास ‘द्यायला मदत’ करत नसतं, तिथे श्वास घेणारं कुणी उरलेलंच नसतं.

हे अंदाजानं ठरवत नाहीत. कोमाचं कारण माहीत असावं लागतं. झोपेची, गुंगीची औषधं अंगात उरलेली नसावीत, शरीर गार पडलेलं नसावं, रक्तातल्या क्षारांचा मोठा घोळ नसावा. मग एकेक तपासतात: बाहुली उजेडाला आकसते का, डोळ्याला कापूस लावला तर पापणी मिटते का, कानात बर्फाचं पाणी सोडलं तर डोळे हलतात का, घशात नळी फिरवली तर उबळ किंवा खोकला येतो का. शेवटी श्वासाची चाचणी: प्राणवायू देत राहून व्हेंटिलेटर थांबवतात, रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब साधारण ६० मिलिमीटरच्या (पाऱ्याच्या) वर चढू देतात. जिवंत मेंदूस्तंभ एवढ्या कार्बन डायऑक्साइडवर श्वास घेतल्याशिवाय राहत नाही. एकही श्वास आला नाही, तर उत्तर मिळालं. बऱ्याच देशांत हे सगळं ठराविक तासांनी दोनदा करतात, आणि करणारे डॉक्टर प्रत्यारोपणाच्या गटातले चालत नाहीत.

कोमा वेगळा. कोमातला माणूस जिवंत असतो, बरा होऊ शकतो. वर्षानुवर्षं डोळे उघडे पण जाण नाही, अशी अवस्था असते. तीही वेगळी, तोही जिवंत. वर्तमानपत्रात ‘ब्रेन डेड रुग्ण शुद्धीवर आला’ अशी बातमी आली की त्या आठवड्यात आमची पंचाईत ठरलेली. अशा बातमीच्या मुळाशी गेलं की एक तर तो माणूस कोमात होता, नाहीतर या चाचण्या नीट आणि पूर्ण झालेल्याच नव्हत्या.

आता इथे आपल्या भाषेनं केलेला घोटाळा बघा. ‘त्यांना ब्रेन डेड घोषित केलं आणि दोन दिवसांनी त्यांनी अखेरचा श्वास घेतला.’ हे वाक्य छापून येतं. एका माणसाला दोनदा मरण! ‘मशीनवर जिवंत ठेवलंय’ हे तर रुग्णालयातच ऐकू येतं. डॉक्टर म्हणतात, “ब्रेन डेड झालेत, आता फार काळ काढणार नाहीत.” ऐकणारा बरोबरच अर्थ लावतो: म्हणजे अजून आहेत. मग आम्ही जाऊन अवयवांचं विचारतो, आणि त्याला वाटतं की आहे त्या माणसाला मारायची परवानगी मागतायत. अशा वेळी नकार हा अज्ञानातून आलेला नसतो. ऐकवलेल्या वाक्यांवरून निघणारा तोच तर्कशुद्ध निष्कर्ष असतो. मी आमच्या विभागात ‘जिवंत ठेवलंय’ या शब्दांवर अक्षरशः दंड लावला होता, चहाचा. बरेच चहा प्यायले.

आणखी एक बारकावा, जो पुस्तकात तळटीपेत असतो आणि खाटेपाशी सगळ्यात आधी येतो. मेंदू मेला तरी पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू काही काळ आपल्या आपण प्रतिक्षिप्त क्रिया करत राहतो. बोट हलतं, पाय आखडतो, क्वचित दोन्ही हात उचलले जातात. एका आईनं मुलाचं बोट हललेलं पाहिलं. तिला हे आधी कुणीही सांगितलं नव्हतं, मीही नाही. सगळ्या चाचण्या पूर्ण होत्या, कागद तयार होते. तिनं आमच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्यानंतर मी कुठल्याही नातेवाइकाला हे आधी सांगितल्याशिवाय आत पाठवलं नाही.

लोकांची एक शंका मात्र झटकून टाकण्यासारखी नाही: ही मृत्यूची व्याख्या अवयवांसाठीच काढली ना? खरं सांगायचं तर उत्तर अर्धं हो आहे. व्हेंटिलेटर आले तेव्हा ही अवस्था पहिल्यांदा दिसू लागली. १९५९ साली फ्रान्समधल्या डॉक्टरांनी ‘कोमाच्याही पलीकडची अवस्था’ म्हणून तिचं वर्णन केलं. तेव्हा मृताचं हृदय दुसऱ्या माणसाला कुणी बसवलेलं नव्हतं. पाच वर्षांपूर्वी, १९५४ साली, बोस्टनमध्ये जुळ्या भावांमध्ये मूत्रपिंडाचं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण झालं होतं, एवढंच. डिसेंबर १९६७ मध्ये केप टाउनला ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी पहिलं मानवी हृदय-प्रत्यारोपण केलं, आणि १९६८ मध्ये हार्वर्डच्या समितीनं मेंदूमृत्यूचे निकष मांडले. त्या अहवालात कारणं उघड लिहिली आहेत: अशा रुग्णांचा कुटुंबांवर आणि रुग्णालयांवर पडणारा भार, आणि जुन्या व्याख्येमुळे अवयव मिळवताना होणारे वाद. मी ही गोष्ट कधी लपवली नाही. लपवली आणि नंतर कळली तर काय होतं, ते बऱ्याच देशांनी पाहिलंय.

म्हणजे विश्वास. जपानमध्ये १९६८ साली पहिलं हृदय-प्रत्यारोपण झालं. दात्याचा मेंदू खरंच मेला होता का, आणि ज्याला हृदय दिलं त्याला त्याची गरज तरी होती का, असे प्रश्न उठले, शल्यविशारदावर खुनाची तक्रार झाली. खटला उभा राहिला नाही, पण संशय राहिला. त्यानंतरचं हृदय-प्रत्यारोपण त्या देशात झालं १९९९ साली. मधली तीस वर्षं जपानी लोकांना शरीरशास्त्र माहीत नव्हतं म्हणून गेली का? ब्रिटनमध्ये १९८० साली दूरचित्रवाणीवरच्या एका कार्यक्रमानं ‘दाते खरंच मेलेले असतात का’ असा प्रश्न केला. त्यात दाखवलेले रुग्ण ब्रिटनमधले नव्हते, तिथल्या निकषांत ते मेंदूमृत ठरलेही नसते. तरी अवयवदान एकदम घसरलं. जर्मनीत २०१२ मध्ये उघड झालं की काही केंद्रांत रुग्णांना यादीत वर सरकवण्यासाठी त्यांची माहिती फिरवली जात होती. २०११ मध्ये सुमारे १,२०० दाते होते, २०१३ मध्ये ९०० सुद्धा उरले नाहीत. यातल्या कुठल्याही फेरफारानं एकाही दात्याचं काही बिघडलेलं नव्हतं. घोळ घेणाऱ्यांच्या यादीत होता, हात आखडता घेतला देणाऱ्यांनी.

पण हे सगळं मोठं, बातम्यांमधलं. मी पाहिलेला अविश्वास बहुतेक वेळा फार लहान गोष्टींचा होता. एका थोरल्या मुलानं मला शांतपणे सांगितलं, “दोन दिवसांत आम्हाला ‘बसा’ म्हणणारं पहिलं माणूस तुम्ही. आणि तेही काहीतरी मागायला.” मी त्या दिवशी पुढे काही विचारलंच नाही. काय विचारणार? स्कॅनचा निकाल कुणी समजावला नव्हता, रात्री भेटू दिलं नव्हतं, पैशाच्या पावत्या मात्र वेळेवर आल्या होत्या. अवयवदानाबद्दलचं त्यांचं मत त्या अट्ठेचाळीस तासांत तयार झालं होतं आणि ते रुग्णालयानं तयार केलं होतं. ‘दात्याचं कार्ड असेल तर डॉक्टर प्रयत्न कमी करतील’ ही भीती तुमच्या सर्वेक्षणात नक्की आली असेल. तिला ‘गैरसमज’ म्हणून खोडून काढणं सोपं आहे: वाचवणारा गट वेगळा, प्रत्यारोपणाचा वेगळा, मृत्यू जाहीर होईपर्यंत दुसऱ्याचा संबंध नाही. सगळं खरं. पण जिथे जिवंतपणीच प्रयत्न कमी होताना दिसले, तिथे हा खुलासा कुणाला पटेल?

स्पेनचं उदाहरण सगळेच देतात, आणि बहुतेक चुकीच्या कारणासाठी देतात. तिथे १९७९ पासून कायद्यानं संमती गृहीत आहे, म्हणजे ज्यानं नकार नोंदवला नाही त्याचा होकारच धरायचा, म्हणून तिथे दाते जास्त, असं सांगितलं जातं. कायदा १९७९ चा, पण १९८९ मध्येही दर दहा लाख लोकसंख्येमागे दाते होते सुमारे १४. त्या वर्षी राष्ट्रीय प्रत्यारोपण संघटना उभी राहिली, राफाएल मातेसान्झ तिचे प्रमुख झाले. त्यांनी प्रत्येक रुग्णालयात समन्वयक नेमले, तेही बहुतेक अतिदक्षता विभागातलेच डॉक्टर. कुटुंबाशी बोलण्याचं त्यांना रीतसर प्रशिक्षण दिलं. पत्रकारांना कधीही फोन करून खातरजमा करता येईल अशी सोय केली. आज तो आकडा ४५ च्या वर असतो. आणि कायदा काहीही म्हणो, कुटुंबाला विचारल्याशिवाय तिथे कुणी पुढे जात नाही. मातेसान्झ स्वतःच सांगत आले आहेत की श्रेय कायद्याचं नाही.

उलट बाजू ब्राझीलची. १९९७ मध्ये संमती गृहीत धरणारा कायदा आला, आणि लोकांनी ओळखपत्रावर ‘दाता नाही’ असं लिहून घ्यायला रांगा लावल्या. पुढच्याच वर्षी कायदा मागे घ्यावा लागला. सरकार आपलं शरीर आपल्या आधी मोजतंय असं वाटलं की चांगली माणसंही मागे सरतात.

गृहीत संमतीवर तुम्ही वाचलंच असेल. २००३ मध्ये एका गाजलेल्या अभ्यासानं दाखवलं की ‘हो’ नोंदवावा लागतो त्या जर्मनीत संमती १२ टक्के, आणि ‘नाही’ नोंदवावा लागतो त्या ऑस्ट्रियात ९९ टक्क्यांच्या वर. शेजारी देश, एकच भाषा. यातून मतांबद्दल काहीच कळत नाही, एवढंच कळतं की माणसं अर्ज भरायचा कंटाळा करतात. तुमच्या सर्वेक्षणातल्या कोऱ्या रकान्यांचंही थोडं तसंच असेल. प्रत्यक्ष दात्यांच्या संख्येत या दोन देशांमध्ये एवढी दरी कधीच नव्हती, कारण शेवटी खोलीत बसलेलं असतं ते कुटुंब. वेल्समध्ये २०१५ पासून आणि इंग्लंडमध्ये २०२० पासून संमती गृहीत आहे, तरी समन्वयकाला कुटुंबासमोर बसावंच लागतं.

आणि कुटुंबाचं उत्तर कशावर ठरतं, याबद्दल ब्रिटनचा अनुभव स्पष्ट आहे. गेलेल्या माणसाची इच्छा माहीत असेल तर दहातली नऊ कुटुंबं संमती देतात. माहीत नसेल तर निम्म्याच्या आसपास. मला तुमच्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात द्यायला सांगितलं तर ते हेच आहे. माहीत नसणं म्हणजे मूत्रपिंडांची संख्या माहीत नसणं नव्हे. आपल्याच माणसाला काय हवं होतं ते माहीत नसणं.

आपण व्यासपीठावरून दधीचींची गोष्ट सांगतो, अस्थी दिल्या, वज्र झालं. मला ती गोष्ट इथे नेहमीच थोडी गैरलागू वाटत आली. दधीचींनी स्वतःचं दिलं, शुद्धीत, समोर मागणाऱ्याला ऐकून. आमच्याकडे देणारा बोलू शकत नाही आणि बोलणाऱ्याचं ते नसतं. ‘दान’ हा शब्दही नातेवाइकांना अवघड करून ठेवतो. दुसऱ्याच्या वस्तूचं दान मी कसं करू, हा प्रश्न त्या शिक्षकांचा होता आणि तो बिनतोड होता. म्हणून मी पुढे पुढे ‘तुम्ही दान कराल का’ असं विचारणंच सोडलं. “ते असते तर काय म्हणाले असते?” एवढंच विचारायचे. मग घरातली माणसं एकमेकांकडे बघायची, कुणीतरी म्हणायचं, “मागे एकदा टीव्हीवर बातमी लागली होती तेव्हा आबा म्हणाले होते की…” त्या ‘की’नंतरच्या शब्दांवर सगळं अवलंबून. नोंदणीचं कार्ड चांगलंच, पण ते पाकिटात असतं, आणि पाकीट पोलिसांकडे किंवा कपाटात.

माझी स्वतःची गंमत सांगते. हे काम करत मला दहाएक वर्षं झाली होती. जेवताना सासूबाईंनी सहज विचारलं, “सगळ्यांना विचारत फिरतेस, तुझं काय?” मी म्हटलं, माझं तर ठरलेलंच आहे. नवरा म्हणाला, “मला कुठे सांगितलंस?” सासूबाई तेव्हा ठामपणे म्हणाल्या, “माझे डोळे घ्या, बाकी मला हात लावू नका.” पुढे वेळ आली तेव्हा आम्हाला कुणाला एक क्षणही विचार करावा लागला नाही. डोळे दिले, बाकी काही नाही. तुमच्या मोजमापात त्यांना ‘अंशतः अनुकूल’ लिहिलं असतं. मी बघितलेल्यांत त्यांच्याइतकं स्पष्ट मत असलेली माणसं थोडी.

बाकीच्या समजुती पटकन घेते, कारण त्यांना उत्तरं सोपी आहेत आणि त्यांच्यामुळे होकाराचा नकार झालेला मी क्वचितच पाहिला. शरीर विद्रूप होत नाही. शस्त्रक्रियेसारखे टाके असतात, चेहरा तसाच असतो. वेळ लागतो, पुष्कळदा एक दिवस, आणि तो आधीच सांगायला हवा. वय झालं म्हणून कुणी आपोआप बाद होत नाही, सत्तरी-ऐंशीतल्या दात्यांची यकृतं आणि मूत्रपिंडं वापरली जातात, तपासून ठरवतात. वाटप रक्तगट, शरीराचा आकार, आजाराची निकड, प्रतीक्षेचा काळ आणि अंतर यांवर होतं. काढलेलं हृदय चार ते सहा तासांत बसवावं लागतं, मूत्रपिंड दिवसभर किंवा थोडं जास्त थांबतं, म्हणून अंतर. नेत्रदान वेगळं: ते घरी झालेल्या मृत्यूनंतरही होतं, साधारण सहा तासांच्या आत, आणि चष्मा किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आड येत नाही. बसवतात ते पारपटल, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, आख्खा डोळा नव्हे. देहदान आणखी वेगळं, ते वैद्यकीय शिक्षणासाठी. अवयव काढलेला देह शरीररचनाशास्त्र विभाग सहसा घेत नाही, डोळे दिलेले मात्र बहुधा चालतात. तुमच्या प्रश्नावलीत हे तिन्ही शब्द एकाच वाक्यात आलेत, म्हणून खूण केलेला ‘हो’ नक्की कशाला होता, हे तुम्हालाही सांगता येणार नाही. तेवढी दुरुस्ती आधी करा.

धर्माबद्दल थोडं. ‘आमच्यात चालत नाही’ हे मी खूप ऐकलं. पोप बाराव्या पायसनी १९५७ मध्ये डॉक्टरांपुढे बोलताना मृत्यूचा क्षण ठरवणं वैद्यकावर सोपवलं, पोप दुसऱ्या जॉन पॉलनी २००० मध्ये अवयवदानाचं उघड समर्थन केलं, इस्लामी फिक्ह अकादमीनं (इस्लामी धर्मशास्त्राच्या विद्वानांच्या संस्थेनं) १९८६ मध्ये अम्मानला मेंदूमृत्यू मान्य केला आणि १९८८ मध्ये जेद्दाला मृताचे अवयव देण्याला अटींसह परवानगी दिली. हे मी पाठ केलं होतं आणि सुरुवातीला तोंडावर फेकायचे. चूक होती. बऱ्याचदा धर्म हा नकार सभ्यपणे देण्याचा मार्ग असतो, खरं कारण आधीच्या दोन दिवसांत असतं. आणि काही वेळा तो खरोखरच श्रद्धेचा प्रश्न असतो. काही परंपरा हृदय थांबेपर्यंत मृत्यू मानत नाहीत. त्यांना मेंदूमृत्यू समजलेला असतो, फक्त मान्य नसतो. त्यांची नोंद तुम्ही ‘अज्ञान’ या रकान्यात कराल तर सर्वेक्षण खोटं बोलेल.

आता प्रश्नावली. ‘मेंदूमृत्यू म्हणजे काय हे माहीत आहे का?’ असं विचारू नका, सगळे ‘हो’ म्हणतात. त्याऐवजी प्रसंग द्या: अपघातातला माणूस व्हेंटिलेटरवर आहे, छाती हलतेय, हृदय चालू आहे, अंग गरम आहे, सर्व चाचण्या करून डॉक्टरांनी मेंदूमृत्यू जाहीर केला आहे. हा माणूस जिवंत आहे, मृत आहे, की सांगता येत नाही? या एका प्रश्नानं तुमचे निम्मे ‘जाणकार’ गळतील. हा प्रश्न तुमच्याच वर्गाला आणि जमलं तर विभागातल्या परिचारिकांना, निवासी डॉक्टरांनाही द्या. जो स्वतः ‘सांगता येत नाही’वर खूण करतो, तो नातेवाइकांशी बोलताना ‘जिवंत ठेवलंय’च म्हणणार.

मग स्वतःबद्दल विचारा आणि लगेच जवळच्या माणसाबद्दल विचारा. ‘तुमचे अवयव द्यावेत का?’ आणि ‘तुमच्या आई-वडिलांच्या, जोडीदाराच्या, मुलाच्या बाबतीत निर्णय तुमच्यावर आला तर?’ दोन्ही उत्तरांतलं अंतर मोजा, तुमच्या प्रबंधातला सगळ्यात उपयोगी आकडा तो असेल. ‘नोंदणी केली आहे का?’ ठेवा, पण त्याच्या आधी हे विचारा: तुमची इच्छा घरात कुणाला शब्दांत सांगितली आहे का? कुणाला, नातं लिहा. आणि घरातल्या किती जणांची इच्छा तुम्हाला माहीत आहे? शक्य असेल तर एकाच घरातल्या दोघांना वेगवेगळं बसवून विचारा, एकानं दुसऱ्याबद्दल केलेला अंदाज ताडून पाहा. कष्टाचं आहे, पण विद्यार्थ्यांच्या अभ्यासात असं केलेलं मी फार कमी पाहिलंय. जिवंतपणी मूत्रपिंड किंवा यकृताचा भाग देण्याचे प्रश्न यात मिसळू नका. तिथे दबाव, पैसा आणि घरात ‘देणारी’ नेहमी बाईच का, हे प्रश्न येतात, त्यांना वेगळी प्रश्नावली लागेल.

गेल्या वर्षभरात घरातलं कुणी रुग्णालयात दाखल होतं का, आणि तिथे आजाराची माहिती नीट मिळाली का, हेही विचारा. विषयाशी संबंध नाही असं मार्गदर्शक म्हणतील. तो प्रश्न काढू देऊ नका.

शेवटी उत्तरांचे पर्याय. तुम्ही ‘हो’ आणि ‘नाही’ दोनच ठेवलेत. ‘अजून ठरवलेलं नाही’ हा तिसरा ठेवा. तुमचे बरेच ‘हो’ तिथे सरकतील, घाबरू नका. आणि अहवाल लिहिताना त्यांची बेरीज ‘नाही’मध्ये करू नका.